वचनभूमीच्या चतुःसीमा

जमिनीचे खरेदीखत ज्यांनी एकदा तरी वाचले आहे त्यांना चतुःसीमा हा शब्द समजावून सांगायला नको. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याचा बांध. यांतला बांध माणसाने घातलेला असतो. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकवले की तो कोरता येतो आणि आपल्या खेड्यापाड्यांतून तो कोरला जातोही. निम्म्या भाऊबंदकीचे मूळ तिथेच असते. ओढ्याचे तसे नसते. तो घेणाऱ्याचा नसतो आणि देणाऱ्याचाही नसतो. दोघांच्या आजोबांच्या आधीपासून तो तिथे वाहत असतो.

बायबलमधील भूमीच्या वचनांचा विचार करताना आम्हांला हे खरेदीखत आठवते, कारण ती वचनेही चतुःसीमेसह दिलेली आहेत. 'उत्पत्ती'च्या १५व्या अध्यायात हजरत इब्राहीम (अ.) यांच्या वंशजांना मिसरच्या नदीपासून फरात या महानदीपर्यंतचा देश देण्याचा करार होतो. 'निर्गम'च्या २३व्या अध्यायात तांबडा समुद्र, पलिष्ट्यांचा समुद्र, रान आणि नदी अशा चार बाजू सांगितल्या आहेत. 'गणना'च्या ३४व्या अध्यायात तर एखाद्या मोजणीदाराने हिंडून लिहावी तशी तपशीलवार यादीच आहे: क्षारसमुद्राचे टोक, अक्रब्बीमचा चढ (अरबीत विंचवाला अक्रब म्हणतात, तेच हे विंचू), मिसरचा ओढा, महासमुद्र, होर डोंगर, किन्नेरेथ सरोवर आणि पूर्वेला यार्देन नदी. मध्येमध्ये गावांची नावे येतात, पण मुख्य हद्द समुद्राची, नदीची, डोंगराची आणि वाळवंटाची आहे.

या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. 'गणना'तील देश पूर्वेला यार्देनपाशी संपतो. 'उत्पत्ती'तील देश तिथून कित्येक शे किलोमीटर पुढे फरातेला जाऊन भिडतो. दक्षिणेची हद्द एके ठिकाणी 'नहार' आहे, दुसऱ्या ठिकाणी 'नहल'. हिब्रूत नहार म्हणजे बारमाही नदी आणि नहल म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा, अरबीतली वादी. (मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर खोदवली त्या नहरीचे आणि या नहाराचे कूळ एकच.) आता नदी आणि ओढा यांत जो गोंधळ करील असा दस्त आपला तलाठी दारातूनच परत पाठवील. अभ्यासक म्हणतात, याद्या वेगवेगळ्या काळांत लिहिल्या गेल्या. तसे असेलही. पण शतकानुशतके हा ग्रंथ जपणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी ती तशीच राहू दिली, यावरून या चतुःसीमा मोजणीसाठी लिहिलेल्या नसाव्यात असा संशय घ्यायला जागा आहे.

हा प्रश्न आपला कसा, असे कोणी विचारील. सूरह माइदाच्या २१व्या आयतीत हजरत मूसा (अ.) आपल्या लोकांना सांगतात की अल्लाहने तुमच्यासाठी लिहून ठेवलेल्या पवित्र भूमीत प्रवेश करा. ही आयत आपल्या सभांमधून फारशी ऐकू येत नाही. पॅलेस्टाइनचा विषय निघाला की आपले वक्ते तिला वळसा घालून जातात आणि विरोधी बाजूचे लोक मात्र तीच आयत आपल्यापुढे नाचवतात. वळसा घालण्याचे काही कारण नाही. आपल्या जुन्या भाष्यकारांनी तिच्यापुढे मान खाली घातली नव्हती. इमाम तबरी (मृत्यू इ.स. ९२३) यांनी ही पवित्र भूमी कोणती याविषयीची वेगवेगळी मते नोंदवली आहेत, कोणी तूर पर्वताचा परिसर म्हणतो, कोणी शाम, कोणी यरीहो. आणि शेवटी ते म्हणतात की नेमकी जागा ठरवता आली नाही तरी ती फरात नदी आणि मिसरचे अरीश यांच्या दरम्यानच आहे, याबद्दल जाणकारांचे एकमत आहे. म्हणजे 'उत्पत्ती'मधली तीच चतुःसीमा आपल्या तफसीरच्या ग्रंथातही बसलेली आहे.

पण त्याच सूरहमध्ये पाच आयती पुढे, २६व्या आयतीत, हीच भूमी त्याच लोकांवर चाळीस वर्षांसाठी निषिद्ध ठरते. लिहिलेले असूनही निषिद्ध! सातबाऱ्यावर नाव लागणे आणि अल्लाहने लिहिणे यांतला फरक इथे दिसतो. सूरह आराफच्या १२८व्या आयतीत मूसा (अ.) स्वतःच सांगतात की पृथ्वी अल्लाहची आहे आणि आपल्या सेवकांपैकी ज्याला तो इच्छील त्याला तिचा वारस करतो. सूरह अंबियाच्या १०५व्या आयतीत जबूरचा हवाला देऊन सदाचारी सेवक पृथ्वीचे वारस होतील असे म्हटले आहे, आणि बायबलच्या ३७व्या स्तोत्रात तो आशय आजही सापडतो. 'लेवीय'च्या २५व्या अध्यायात तर परमेश्वर आपल्या निवडलेल्या लोकांना स्वच्छ बजावतो की जमीन कायमची विकता येणार नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे म्हणून राहत आहात. ज्यांना देश दिला त्यांनाच उपरे म्हटले आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मालकी हक्कात नाव एकाचे आणि हे सगळे कुळे.

मग कुळाला चतुःसीमा कशाला सांगायची? याचे उत्तर 'अनुवाद' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. भूमीच्या वचनाबद्दल एवढे बोलले जाते, पण हा अध्याय सहसा कोणी उघडत नाही. इस्राएली लोक चाळीस वर्षांच्या भटकंतीनंतर उत्तरेकडे निघाले आहेत. वाटेत अदोमींचा सेईर डोंगर लागतो. परमेश्वर सांगतो, यांच्याशी लढू नका. यांच्या देशातली पाऊल टेकण्याइतकीही जमीन तुम्हांला मिळणार नाही, कारण ती मी एसावाच्या वंशाला दिलेली आहे. पुढे मवाब लागतो, तिथेही तेच. मग अम्मोन, तिथेही तेच, हे दोघे हजरत लूत (अ.) यांचे वंशज, त्यांचा वाटा त्यांना दिलेला आहे. अदोम्यांच्या बाबतीत तर एवढा बारकावा आहे की त्यांच्या देशातून जाताना अन्न पैसे देऊन विकत घ्या आणि पाणीसुद्धा पैसे देऊन प्या. वाळवंटातून आलेल्या, तहानलेल्या, ईश्वराचे वचन खिशात असलेल्या लोकांना सांगितले जाते की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी फुकट घेऊ नका.

म्हणजे ज्या ईश्वराने यांना देश दिला त्यानेच शेजाऱ्यांनाही दिला. आर्णोन नदी मवाबची सीमा, यब्बोक अम्मोनची. या नद्याही वचनाच्याच नद्या आहेत, फक्त त्या दुसऱ्याच्या वचनाच्या आहेत. संदेष्टा आमोस याच्याही पुढे जातो. त्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात परमेश्वर विचारतो की मी तुम्हांला मिसरमधून आणले तसे पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामींना कीराहून आणले नाही काय? पलिष्टी म्हणजे ज्यांच्या नावावरून पुढे पॅलेस्टाइन हे नाव आले ते शत्रू. त्यांचेही स्थलांतर ईश्वरानेच घडवले, असे इस्राएलचाच संदेष्टा इस्राएलला सांगतो.

इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जी हद्द मवाबला वाचवते तीच हद्द आत राहणाऱ्या कनानींना वाचवत नाही. 'अनुवाद'च्या सातव्या अध्यायात आणि 'यहोशवा'च्या पुस्तकात सात राष्ट्रांचा समूळ नाश करण्याची आज्ञा आहे. कुरआनने मूसा (अ.) यांच्या लोकांची ही हकीकत सांगताना प्रवेशाची आज्ञा, लोकांचा भित्रेपणा आणि शिक्षा एवढेच ठेवले आहे, समूळ संहार तिथे नाही. खुद्द यहुदी परंपरेनेही ही आज्ञा जशीच्या तशी चालू ठेवली नाही. बाराव्या शतकातील थोर यहुदी धर्मशास्त्री मैमोनिदीस, जे कैरोत राहून अरबीत लिहीत होते, त्यांनी म्हटले की त्या सात राष्ट्रांची आठवणही आता उरलेली नाही. म्हणजे ही आज्ञा लागू करण्यासाठी जगात कोणी शिल्लकच नाही. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५०च्या दशकात यरीहोत उत्खनन केले तेव्हा यहोशवाच्या काळाशी जुळणारी पडलेली तटबंदी त्यांना सापडली नाही. तरी २८ ऑक्टोबर २०२३ रोजी, गाझावर हल्ले चालू असताना, इस्रायलच्या पंतप्रधानांनी भाषणात अमालेकाची आठवण काढली. परंपरेने मिटवत आणलेली रेघ एका वाक्यात पुन्हा गडद करता येते.

पुन्हा भूमीकडे वळू. 'अनुवाद'च्या अकराव्या अध्यायात या देशाचे जे वर्णन आहे ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला इतर कोणापेक्षा लवकर कळेल. मिसरमध्ये तुम्ही बी पेरत होता आणि मळ्याला पायाने पाणी देत होता, तसा हा देश नाही; हा डोंगरदऱ्यांचा देश आहे आणि तो आकाशाचे पाणी पितो. सरळ सांगायचे तर मिसर बागायत आणि वचनाचा देश कोरडवाहू. दूध आणि मध यांची एवढी ख्याती झालेल्या देशाचा मुख्य गुण असा की तिथे आगोटीचा आणि वळवाचा पाऊस वेळेवर पडला तर पीक, नाहीतर काही नाही. आणि पाऊस कशावर अवलंबून, तर आज्ञापालनावर. नाईलच्या काठी राजा कसाही असला तरी पूर यायचा. इथे मात्र अन्याय केला की आभाळ बंद होणार. 'लेवीय'च्या अठराव्या अध्यायात याहून कठोर भाषा आहे: आधीच्या लोकांना या भूमीने ओकून टाकले, तुम्ही तसेच वागाल तर तुम्हांलाही ओकून टाकील. निवडलेल्यांना वेगळा नियम नाही. असा देश बक्षीस म्हणून कोण मागेल? तो दिला गेला तो वर्षातून दोनदा मान वर करून पाहायला लागावी म्हणून, असे आम्हांला वाटते.

वाळवंटाबद्दल थोडक्यातच. दक्षिणेची हद्द म्हणून जे रान नोंदले आहे त्याच दिशेला, देशाच्या बाहेर, सीनायवर तौरात मिळाली. मन्न आणि सलवाही तिथेच. यहुदी विद्वानांच्या जुन्या भाष्यात याचे कारण दिले आहे की वाळवंट कोणाच्याच मालकीचे नसते, म्हणून तिथे दिलेला शब्द कोणीही घेऊ शकतो.

नदीबद्दल मात्र थांबून बोलावे लागेल. 'यहोशवा'च्या २२व्या अध्यायातील एक प्रसंग आम्हांला या सगळ्या पुस्तकांतला सर्वांत शहाणा प्रसंग वाटतो. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देनच्या पूर्वेला जमीन मागून घेतली होती, कारण त्यांची गुरेढोरे पुष्कळ होती आणि तिकडे चराई चांगली होती. लढाया संपल्यावर ते परत जायला निघाले आणि जाताना यार्देनकाठी त्यांनी एक भली मोठी वेदी बांधली. पश्चिमेकडचे भाऊ खवळले. देवाचे एक स्थान ठरले असताना ही दुसरी वेदी कशाला? युद्धाची तयारी झाली. पण आधी माणसे पाठवून विचारले गेले, हे त्यातले चांगले. पूर्वेकडच्यांनी उत्तर दिले की ही वेदी यज्ञासाठी नाही, बळीसाठी नाही. आम्हांला भीती एवढीच वाटली की उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील, तुमच्याआमच्यात देवाने यार्देन ही सीमा घातली आहे, तुमचा देवाशी काय संबंध? त्या दिवशी दाखवायला काहीतरी असावे म्हणून हा साक्षीचा दगड रचला आहे. भावांना ते पटले आणि युद्ध टळले.

नदीने जमीन विभागली जाते हे दोघांनाही मान्य होते. वाद होता तो देव नदीच्या कोणत्या काठावर थांबतो याचा. पूर्वेकडच्या गुराख्यांना जे कळले होते ते पुढे अनेक धर्मपंडितांना कळले नाही. दूर कशाला, मूसा (अ.) स्वतः त्या नदीच्या अलीकडेच राहिले. 'अनुवाद'च्या शेवटच्या अध्यायात ते नबो डोंगरावर चढून पलीकडचा देश डोळ्यांनी पाहतात आणि तिथेच त्यांचा मृत्यू होतो. सहीह बुखारीत हदीस आहे की मृत्यूसमयी मूसा (अ.) यांनी अल्लाहकडे प्रार्थना केली ती पवित्र भूमीच्या दगडफेकीच्या अंतरावर नेण्याची. त्यांनी आत नेण्याची मागणी केली नाही, एका दगडाच्या अंतरावर पोचवण्याची केली. ज्यांच्या हातून हे वचन लोकांपर्यंत आले त्यांचीच कबर हद्दीबाहेर आहे. तेव्हा हद्दीच्या आत असणे म्हणजे ईश्वराच्या जवळ असणे, हा हिशेब मूसा (अ.) यांच्यापासूनच चुकतो.

कुरआनमध्ये नदीची आणखी एक परीक्षा आहे. सूरह बकराच्या २४९व्या आयतीत तालूत सैन्य घेऊन जालूतवर निघतो तेव्हा वाटेत नदी लागते. अट अशी की जो पोटभर पिईल तो माझा नव्हे. ओंजळभर घेतले तर चालेल. बहुतेक सगळे पितात आणि मग पलीकडे गेल्यावर त्यांच्यात लढण्याचे त्राण उरत नाही. पाण्यापाशी पोचलेल्या तहानलेल्याने ओंजळीवर थांबायचे, ही ती परीक्षा. फरातेबद्दलची एक हदीसही याच जातीची आहे: एक काळ येईल जेव्हा फरात ओसरून सोन्याचा साठा उघडा पडेल, तेव्हा जो तिथे हजर असेल त्याने त्यातले काही घेऊ नये. 'उत्पत्ती'ने जिला देशाची दूरची हद्द केले तिच्याचकाठी आपल्या प्रेषितांनी (स.) हात आवरायला सांगितले आहे.

समुद्राबाबत बायबलमध्ये, 'ईयोब'च्या ३८व्या आणि 'यिर्मया'च्या पाचव्या अध्यायात, एक सुंदर कल्पना येते. समुद्राला परमेश्वराने हद्द घालून दिली की इथपर्यंतच. आणि ती हद्द कशाची? वाळूची. लाटा कितीही आपटल्या तरी त्या वाळूपुढे थांबतात. सूरह रहमानमध्ये दोन समुद्र एकमेकांना भिडतात पण त्यांच्यामधला पडदा ओलांडत नाहीत, असे जे म्हटले आहे ते वाचताना आम्हांला ही वाळू आठवते. ईश्वराला हद्दीसाठी सिमेंट लागत नाही. मराठीने हद्द हा शब्द अरबीतूनच घेतला आणि त्याची सरहद्द, हद्दपार, बेहद्द अशी केवढी तरी प्रजा वाढवली; कोणी फारच केले की आपण 'हद्द झाली' म्हणतो. पण कुरआनमध्ये अल्लाहच्या हद्दी, हुदूदुल्लाह, हे शब्द एकदाही जमिनीसाठी येत नाहीत. ते रोजाच्या संदर्भात येतात, वारसाहक्काच्या संदर्भात येतात, तलाकच्या संदर्भात येतात. जिथे घरातल्या बलवानाचा हात दुर्बळावर पडण्याची शक्यता तिथे हद्द. आपल्यातल्या ज्यांना अल-कुद्सच्या हद्दीसाठी रक्त सळसळल्याचा अनुभव येतो, त्यांनी तलाकच्या आयतींतील हद्दींसाठी किती वेळा रक्त सळसळले, तेही कधीतरी आठवून पाहावे.

आता आजचे बोलू. १९७७ साली सत्तेवर आलेल्या लिकुड पक्षाच्या त्या वर्षीच्या जाहीरनाम्यात समुद्र आणि यार्देन यांच्यामध्ये फक्त इस्रायलचे सार्वभौमत्व राहील असे म्हटले होते. पॅलेस्टिनी बाजूच्या मोर्चांतून नदीपासून समुद्रापर्यंत ही घोषणा दिली जाते. देणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात सर्वांना समान नागरिकत्व असते, कोणाच्या मनात दुसऱ्याचे तिथे नसणे असते. नदी तीच, समुद्र तोच. 'गणना'च्या यादीतल्या दोन बाजू दोन्हीकडच्या फलकांवर आल्या आहेत आणि 'अनुवाद'चा दुसरा अध्याय कोणाच्याच फलकावर नाही. १९६७च्या युद्धानंतर वेस्ट बँक हातात आला तेव्हा वचन पुरे झाले असे मानणाऱ्यांची चळवळ उभी राहिली; १९७४ मध्ये गुश एमुनिम ही संघटना निघाली आणि वसाहती वाढत गेल्या. त्याच वेळी येशायाहू लाइबोविट्झ हे धर्मनिष्ठ यहुदी विचारवंत भूमीला पवित्र मानून तिची पूजा करणे ही मूर्तिपूजाच आहे असे बजावत होते, आणि १९७९ मध्ये रब्बी ओव्हादिया योसेफ यांनी जीव वाचणार असतील तर भूमी सोडून देणे धर्माला मान्य आहे असा निवाडा दिला. हे आवाज आपल्या वाचकांपर्यंत क्वचितच पोचतात, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

२००२ पासून वेस्ट बँकमध्ये भिंत उभी राहू लागली. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचे सल्लागार मत दिले. ती १९४९च्या शस्त्रसंधीच्या रेषेवर उभी नाही, बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याच्या रानात शिरून उभी आहे. बांध कोरण्याचाच हा प्रकार, नांगराऐवजी काँक्रीटने. 'अनुवाद'च्या २७व्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला शाप दिला आहे आणि सगळ्या लोकांनी त्यावर आमेन म्हटले आहे. आपल्या हदीसमध्ये तीच गोष्ट अशी येते की अन्यायाने बळकावलेली वीतभर जमीन कयामतच्या दिवशी सात थरांसकट गळ्यात पडेल.

आणि ओढा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, त्यांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. त्याचे समर्थन कोणत्याही आयतीने होत नाही. १३ ऑक्टोबरला इस्रायली लष्कराने वादी गाझा या ओढ्याच्या उत्तरेला राहणाऱ्या सुमारे ११ लाख लोकांना दक्षिणेला निघून जाण्याचा हुकूम दिला. हेब्रोनच्या डोंगरांकडून येऊन समुद्राला मिळणारा हा एक साधा नहल. त्या दिवशी तो जगणे आणि मरणे यांच्यामधली हद्द झाला, आणि पुढे दक्षिणेकडेही बाँब पडले तेव्हा तीही हद्द उरली नाही. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार या युद्धात ६०,०००हून अधिक माणसे मेली.

या कथेत मराठी बोलणारेही आहेत. अलिबागजवळच्या नवगावाशी ज्यांची परंपरा जोडली जाते ते बेने इस्राएल कोकणात तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांना शनिवार तेली म्हणत. कोकणी मुसलमानांच्या शेजारी ते राहिले, मलिदा त्यांच्याकडेही होई आणि आपल्याकडेही. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य वचनभूमीला गेले. रामला आणि लोद या गावांतही त्यांतली बरीच कुटुंबे वसली. जुलै १९४८ मध्ये याच दोन गावांतून ५०,०००हून अधिक पॅलेस्टिनींना बाहेर काढले होते. कोकणातून गेलेल्या माणसाला हे कोणी सांगितले असेल का? त्यालाही तिकडे सुखासुखी घेतले नाही. १९६२ मध्ये धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहासाठी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी लावली. आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. समुद्र ओलांडून, हद्दीच्या आत जाऊन पोचलेल्यांना आत गेल्यावर आणखी एक हद्द भेटली. तिथून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले, यात सगळे आले.

दरम्यान त्या नैसर्गिक सीमांचे काय झाले? यहोशवाच्या वेळी सुगीच्या दिवसांत दोन्ही काठ भरून वाहणारी यार्देन आज अनेक ठिकाणी चार-दोन पावलांत ओलांडता येईल एवढी उरली आहे. इस्रायलने १९६४ पासून किन्नेरेथचे पाणी मोठ्या नळांतून दक्षिणेला नेले, जॉर्डनने कालवा काढला, सीरियाने यार्मूकवर धरणे बांधली. खालच्या नदीत पूर्वीच्या पाण्याचा एक दशांशही आता येत नाही. क्षारसमुद्राची पातळी दरवर्षी मीटरभराहून अधिक खाली जाते आणि काठावरची जमीन हजारो ठिकाणी खचून खड्डे पडले आहेत. 'गणना'तील यादी जिथून सुरू होते ते क्षारसमुद्राचे दक्षिण टोक कधीच आटले. तिथे आता खते बनवण्यासाठी पंपाने पाणी भरून ठेवलेली मिठागरे आहेत. या वचनावर दावा सांगणाऱ्या सर्वांनी मिळून वचनाची चतुःसीमा पिऊन टाकली आहे. तालूतच्या सैन्याने यापेक्षा कमी प्यायले असेल.

शेवटची यादी यहेज्केलाची. तो बाबेलच्या देशात खबार कालव्याकाठी, बंदिवान म्हणून आणलेल्या लोकांत राहत होता. त्याच्या पुस्तकाच्या ४७व्या अध्यायात तो दृष्टांतात पाहतो की मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघाले आहे आणि हातात मोजणीची दोरी घेतलेला एक पुरुष त्याला पाण्यातून चालवतो आहे. हजार हात मोजले तर पाणी घोट्यापर्यंत, आणखी हजार मोजले तर गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग उतार नसलेली नदी. तिथे मोजणी थांबते. ते पाणी क्षारसमुद्राला मिळते आणि तो गोड होतो, मासे येतात, कोळी जाळी पसरतात; फक्त दलदलीचा भाग मिठासाठी खारटच ठेवलेला आहे. त्यानंतर तो पुन्हा एकदा देशाच्या चतुःसीमा सांगतो: पश्चिमेस महासमुद्र, पूर्वेस यार्देन. वंशांना वाटे पाडून द्यायला सांगतो. आणि बाविसाव्या व तेविसाव्या वचनांत असे काही सांगतो जे आधीच्या कोणत्याही यादीत नव्हते: तुमच्यामध्ये राहणारे, तुमच्यात ज्यांना मुलेबाळे झाली ते परदेशीयही या वाटणीत येतील, ते तुम्हांला देशातच जन्मलेल्यांसारखे असतील, चिठ्ठ्या टाकताना त्यांचीही चिठ्ठी असेल, आणि तो परदेशीय ज्या वंशाच्या हद्दीत राहत असेल त्या हद्दीतच त्याला त्याचा वाटा द्यायचा आहे.